जोडीदाराचा सिबिल खराब असताना गृहकर्ज एकट्याच्या नावावर दुसऱ्या बँकेत नेणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याजदर कमी मिळतो म्हणून चालू गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेणे, म्हणजेच बॅलन्स ट्रान्सफर, आता सरावाचे झाले आहे. घोडे अडते ते कर्ज नवरा-बायको दोघांच्या नावावर असते आणि दोघांपैकी एकाचे क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन मध्ये कधीतरी थकून सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा स्कोअर) खराब झालेला असतो तेव्हा. "यांचं नाव नको, मी एकटीच कर्ज घेते," असे बँकेत सांगितले की समोरून प्रश्न येतो: घर कुणाच्या नावावर आहे? बाकीची बहुतेक उत्तरे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात. कर्जातून नाव काढणे आणि घराच्या मालकीतून नाव काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांची गल्लत झाली की पैसे आणि महिने दोन्ही वाया जातात.

एकट्याच्या नावावर बॅलन्स ट्रान्सफर होते का?

इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी गोषवारा) काढून बघा. त्यावर खरेदीदार म्हणून फक्त तुमचे नाव असेल आणि जोडीदार कर्जात नुसता सहकर्जदार असेल, तर काम सोपे आहे. नव्या बँकेत तुम्ही एकट्याने अर्ज करायचा, तुमच्या एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज बसले की झाले. सहकर्जदाराला मालक असावे लागत नाही, त्यामुळे तो गळाला तरी मालकीला धक्का लागत नाही.

इंडेक्स टूवर दोघांची नावे असतील तर बहुतेक बँका आणि गृहवित्त कंपन्या सर्व सहमालकांना सहकर्जदार करून घेतात. कारण साधे आहे. घर गहाण ठेवायचे तर प्रत्येक मालकाने आपापला हिस्सा गहाण टाकला पाहिजे, आणि उद्या जप्तीची वेळ आली तर "मी कुठे कर्ज घेतलं होतं?" असे म्हणणारा मालक बँकेला नको असतो. खरी अडचण याच गटाची आहे आणि या पानाचा मोठा भाग त्यांच्यासाठीच आहे.

घर पूर्णपणे जोडीदाराच्या नावावर असेल तर त्याला बाजूला ठेवून कर्ज मिळत नाही. मालकाशिवाय तारण नाही.

लग्न झाले म्हणून जोडीदाराच्या सिबिलचा माझ्या स्कोअरवर परिणाम होतो का?

नाही. भारतात नवरा-बायकोचा एकत्र स्कोअर नसतो. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था व्यक्तीगणिक नोंद ठेवतात. जोडीदाराची नोंद तुमच्या अहवालात येते ती तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असलेल्या कर्जांपुरती. त्याच्या एकट्याच्या पर्सनल लोनचे तीन हप्ते बुडाले तर ते त्याच्याच अहवालात दिसतात. तुमच्या दोघांच्या गृहकर्जाचा हप्ता त्याच्या खात्यातून जायचा आणि तो दोनदा बाऊन्स झाला असेल, तर मात्र डाग दोघांच्याही अहवालावर असतो. अर्ज फेटाळला गेल्यावरच हे कळलेले बरेच जण असतात.

म्हणून आधी स्वतःचा अहवाल काढा. प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात चालू गृहकर्जाच्या खाली महिनावार रकाने असतात. तिथे शून्याऐवजी ३०, ६० असे आकडे दिसले तर तितके दिवस हप्ता उशिरा गेला असा अर्थ. बहुतेक बँका शेवटचे १२ हप्ते स्वच्छ मागतात.

आणखी एक बारीक गोष्ट. जोडीदाराच्या कर्जाचा हप्ता तुमच्या खात्यातून जात असेल, तर कागदोपत्री त्या कर्जाशी तुमचा संबंध नसला तरी बँक स्टेटमेंट तपासणारा अधिकारी तो हप्ता तुमच्या बोजात धरतो. अर्ज करण्याआधी सहा महिने ज्याचा हप्ता त्याच्या खात्यातून जाऊ द्या.

खराब सिबिल म्हणजे नेमका किती? उणे १ म्हणजे खराब का?

स्कोअर ३०० ते ९०० असतो. साधारण ७५० च्या वर उत्तम दर मिळतो, ७०० ते ७५० मध्ये कर्ज मिळते पण दर थोडा चढा लागतो आणि ६५० च्या खाली बँकेचे दार जवळपास बंद होते. गृहवित्त कंपन्या काहीशा सैल असतात, पण सैलपणाची किंमत व्याजात वसूल करतात.

उणे १ किंवा एनएच हा खराब स्कोअर नाही. या व्यक्तीने कधी कर्ज किंवा कार्ड घेतलेलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ. अनेक गृहिणींच्या अहवालावर हेच असते आणि घरातले लोक उगाच घाबरून त्यांचे नाव काढायला निघतात. बहुतेक बँका उणे १ असलेला सहमालक सहकर्जदार म्हणून चालवून घेतात.

स्कोअरपेक्षा शेरा जास्त अडवतो. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून हिशेब मिटवला. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने हिशेबात खाते बुडीत टाकले. 'सूट फाइल्ड' म्हणजे बँक कोर्टात गेली. ७२० स्कोअर आणि सेटल्ड शेरा असलेल्या माणसापेक्षा ६९० स्कोअर आणि स्वच्छ शेरे असलेल्याचे काम लवकर होते.

बँक बदलण्याआधी काही सोपे करता येते का?

येते, आणि हा प्रश्न खरे तर सर्वांत आधी विचारायला हवा. सध्याच्याच बँकेत दर कमी करून घेता येतो. तीच बँक नव्या ग्राहकाला तुमच्यापेक्षा कमी दराने देत असेल, तर लेखी अर्ज करून कन्व्हर्जन, म्हणजे त्याच कर्जाचा दर बदलून, मागा. त्याला ठरावीक शुल्क लागते. जुने कर्ज तसेच चालू राहते, म्हणून नवे गहाणखत नाही, नवे मुद्रांक शुल्क नाही, मूल्यांकन नाही आणि जोडीदाराची नव्याने छाननीही सहसा होत नाही. ज्यांच्या घरात एकाचा सिबिल बिघडलेला आहे त्यांच्यासाठी हाच मार्ग बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त पडतो.

बँकांची १ ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराशी जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. तुमचे कर्ज त्याआधीचे, एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेच्या अंतर्गत दरांचे असेल, तर रेपोवर यायची मागणी करा. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या प्रधान दरावर चालतो आणि वर गेलेला दर खाली यायला तिथे वेळ लागतो. कन्व्हर्जनची विचारणा तिथे जास्त गरजेची.

बोलणी करताना दुसऱ्या बँकेचे मंजुरीपत्र हातात असेल तर जुन्या बँकेचा सूर बदलतो.

माझ्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसेल का?

बँक तुमच्या हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ५० टक्के, पगार मोठा असेल तर ६० टक्क्यांपर्यंत रक्कम सगळ्या हप्त्यांसाठी मोकळी धरते. कार कर्ज, कार्डाचे ईएमआय, मोबाइलचे हप्ते यातच आले.

समजा कर्जाची बाकी ४० लाख, मुदत १५ वर्षे उरली आहे आणि सध्याचा दर ९.२५ टक्के. हप्ता सुमारे ४१,१६८ रुपये. नवी बँक ८.२५ टक्क्यांनी देत असेल तर त्याच १५ वर्षांसाठी हप्ता ३८,८०६ रुपये होतो. महिन्याला २,३६२ रुपये वाचतात, मुदतभरात सव्वाचार लाख. पण तुमच्या हातात ७५,००० येत असतील तर ५० टक्क्यांच्या हिशेबाने मर्यादा ३७,५०० ची. कर्ज तेराशे रुपयांनी अडते.

इथे एजंट सुचवतो, "मुदत २० वर्षं करू." हप्ता ३४,०८३ वर येतो आणि कर्ज बसते. आता एकूण भरणा बघा. जुन्याच बँकेत राहिलात तर उरलेल्या १५ वर्षांत ७४.१० लाख. नव्या बँकेत १५ वर्षांसाठी ६९.८५ लाख. नव्या बँकेत २० वर्षांसाठी ८१.८० लाख. म्हणजे एक टक्का कमी दर घेऊन जवळपास पावणेआठ लाख जास्त भरायचे. मुदत वाढवल्याशिवाय कर्ज बसत नसेल तर बँक बदलू नका, किंवा बदलल्यावर पहिल्या महिन्यापासून शिस्तीने जास्तीचे पैसे मुद्दलात भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचे शुल्क बँकांना २०१२ पासून घेता येत नाही.

दुसरे उपाय: दोन-तीन लाख आधीच भरून बाकी खाली आणणे, छोटी कर्जे संपवणे, किंवा आई, वडील, नोकरीला लागलेला मुलगा वा मुलगी यांना सहकर्जदार करणे. आई-वडिलांना घ्यायचे असेल तर त्यांच्या वयाने मुदत आखडते हे लक्षात ठेवा.

घर दोघांच्या नावावर आहे आणि नवऱ्याचा स्कोअर ६१० आहे. कोणते पर्याय आहेत?

पहिला, त्याला सहकर्जदार ठेवायचे पण त्याचे उत्पन्न हिशेबात धरायचे नाही. बँकेच्या भाषेत नॉन-फायनान्शियल को-अॅप्लिकंट. बँक त्याचा अहवाल तरीही काढते, पण काही ठिकाणी मुख्य अर्जदाराचा स्कोअर दर ठरवायला धरतात आणि सहमालकाकडून एवढीच अपेक्षा असते की बुडीत खाते किंवा कोर्टाचा दावा नसावा. हे धोरण बँकेबँकेत वेगळे असते. अर्ज भरण्याआधी शाखेत तोंडी विचारा: "उत्पन्न न धरलेल्या सहमालकाला किमान स्कोअर किती लागतो?" या एका प्रश्नाने अहवालातली फुकटची चौकशी-नोंद टळते.

दुसरा, तो कर्जदार न होता फक्त गहाण देणारा म्हणून सही करतो. कर्जाच्या करारावर तुमची सही, तारणाच्या कागदांवर दोघांची. हे सगळ्या बँका करत नाहीत, आणि करतात त्या अनेकदा सोबत जामीनपत्रही घेतात. जामीन म्हटला की ते कर्ज त्याच्या अहवालात येते.

तिसरा, त्याने आपला हिस्सा तुम्हाला बक्षीस द्यायचा आणि घर एकटीच्या नावावर झाल्यावर कर्ज हलवायचे. याचे पुढे सविस्तर.

चौथा, सहा महिने ते वर्ष थांबून त्याचा अहवाल दुरुस्त करायचा. कंटाळवाणा आहे, पण चारांपैकी सर्वांत कमी धोक्याचा. दरातला फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: थांबा.

बक्षीसपत्राने हिस्सा नावावर करून घेतला तर किती खर्च येतो?

महाराष्ट्रात निवासी घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांना बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. महापालिका हद्दीत त्यावर स्थानिक अधिभार किती लागेल ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी काढून घ्या. रेडी रेकनरवर (सरकारने ठरवलेल्या घराच्या किमतीवर) एक टक्का म्हटले तरी मोठ्या शहरात ती रक्कम २०० रुपयांच्या कितीतरी पट असते. दुकान किंवा कार्यालयाच्या गाळ्याला ही सवलत नाही.

बक्षीसपत्र नोंदणीकृत हवे आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोटरीकडे केलेला कागद इथे चालत नाही.

खर्चापेक्षा या चार अडचणी मोठ्या आहेत:

घर गहाण आहे, त्यामुळे आधी जुन्या बँकेचे ना हरकत पत्र लागते. कर्ज सोडून जाणाऱ्या ग्राहकाला ते द्यायला बँक उत्सुक नसते. नवी बँक म्हणते आधी नाव काढा, जुनी म्हणते आधी कर्ज फेडा. यातून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे नव्या बँकेकडून 'बक्षीसपत्राची नोंदणी झाल्यावर रक्कम देऊ' अशी अट असलेले मंजुरीपत्र घेणे आणि ते जोडून जुन्या बँकेकडे लेखी परवानगी मागणे.

"पत्नी उर्वरित कर्ज फेडणार असल्याने" असे शब्द बक्षीसपत्रात येऊ देऊ नका. कर्जाची जबाबदारी हा मोबदला ठरला तर व्यवहार बक्षीस राहत नाही आणि बाजारमूल्यावर पूर्ण शुल्क मागितले जाऊ शकते. मसुदा वकिलाकडूनच करून घ्या, एजंटच्या तयार नमुन्यावर भागवू नका.

जोडीदाराची देणी थकलेली असताना त्याने हिस्सा बायकोच्या नावावर केला, तर धनको त्या व्यवहाराला आव्हान देऊ शकतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३ नेमके यासाठीच आहे. वसुलीचा दावा चालू असेल तर हा मार्ग डोक्यातून काढून टाका.

आणि शेवटचे: दिलेला हिस्सा परत येत नाही. विशेषतः बायकोचा स्कोअर खराब आहे म्हणून तिचे नाव घरातून काढायचा बेत असेल तेव्हा दोघांनी, आणि तिने स्वतंत्रपणे, वकिलाशी बोलावे. अर्ध्या टक्का व्याजासाठी घराची निम्मी मालकी सोडणे हा सहसा चांगला सौदा नसतो. प्रधानमंत्री आवास योजनेची व्याज सवलत घेतलेली असेल तर आणखी सावध. त्या योजनेत कमी उत्पन्न गटासाठी घरावर स्त्रीचे नाव ही अट होती.

मग हक्कसोडपत्र का नको? ते स्वस्त असते ना?

स्वस्त असते ते वारसाने किंवा वडिलोपार्जित आलेल्या मालमत्तेसाठी. नवरा-बायकोने मिळून विकत घेतलेल्या फ्लॅटच्या हक्कसोडपत्राला खरेदीखताइतके शुल्क लागते.

सोसायटीत काय करावे लागते?

बक्षीसपत्राची प्रत, नेहमीचे हस्तांतरणाचे अर्ज आणि शेअर सर्टिफिकेट द्यायचे. कुटुंबातल्या हस्तांतरणाला आदर्श उपविधींप्रमाणे प्रीमियम लागत नाही. कुणी २५,००० मागितले तर उपविधी दाखवा. नवे नामनिर्देशन त्याच वेळी भरा.

प्राप्तिकराचे काय होते?

दोघे मालक आणि दोघे कर्जदार असतील तर जुन्या करप्रणालीत दोघांना स्वतंत्रपणे व्याजाची २ लाखांपर्यंत आणि मुद्दलाची ८०सी खाली दीड लाखापर्यंत वजावट मिळते. कर्ज एकट्याच्या नावावर गेले की दुसऱ्याची वजावट बंद, मालकी कायम असली तरी. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट कुणालाच नाही, त्यामुळे दोघेही त्यात असाल तर हा मुद्दा निकालात. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सीएकडे जाताना जुने क्रमांक पाठ करून जायची गरज नाही.

जुने कर्ज फेडण्यासाठी घेतलेल्या नव्या कर्जाच्या व्याजालाही वजावट मिळते. टॉप-अप (गृहकर्जावरच वाढीव कर्ज) घेऊन लग्नकार्य किंवा गाडी केली तर तेवढ्या भागाला मिळत नाही.

बक्षीसपत्राची एक गुंतागुंत अनेकांना माहीत नसते. जोडीदाराकडून मिळालेल्या बक्षिसावर कर नाही, हे खरे. पण मोबदला न घेता घर जोडीदाराला दिले, तर करासाठी त्या हिश्श्याचा मालक देणाराच मानला जातो. म्हणजे भाडे येत असेल तर त्या हिश्श्याचे भाडे नवऱ्याच्या उत्पन्नात, आणि कर्ज बायकोच्या नावावर. वजावट कुणी आणि किती घ्यायची याचा घोळ होतो. शिवाय ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर हस्तांतरित केले तर आधी घेतलेली ८०सी ची वजावट परत उत्पन्नात धरण्याची तरतूद आहे. ही तारीख सीएला आधीच सांगा.

प्रत्यक्ष काम कोणत्या क्रमाने करायचे?

दोघांचे अहवाल आधी. मग जुन्या बँकेकडून तीन कागद मागायचे: कर्जखात्याचा उतारा, बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी आणि फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारे पत्र). यादीत करारनामा, नोंदणी पावती, इंडेक्स टू, आधीच्या खरेदीची साखळी, शेअर सर्टिफिकेट हे सगळे आहे का ते स्वतः वाचा. एखादा कागद यादीत नसेल तर तो कुठे आहे याचा शोध आत्ताच घ्या, कारण नवी बँक पैसे देण्याआधी हीच यादी धरून बसते. फोरक्लोजर लेटरला मुदत असते, म्हणून ते मंजुरी जवळ आल्यावरच काढा. कर्ज दुसरीकडे नेण्याच्या विनंतीवर बँकेने २१ दिवसांत होकार किंवा नकार कळवायचा असतो.

नव्या बँकेत अर्ज, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, सहा ते बारा महिन्यांचे स्टेटमेंट. मग वकिलाची मालकी तपासणी आणि मूल्यांकन. मूल्यांकन कमी आले तर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आड येते: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. काही वर्षे हप्ते भरलेल्यांना ही अडचण क्वचितच येते.

मंजुरीबरोबर मुख्य तथ्य विवरण (कर्जाचा दर, शुल्क आणि अटींचा गोषवारा) मिळते. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते बंधनकारक आहे. त्यातला वार्षिक टक्केवारी दर बघा, कारण त्यात शुल्कही मिळवलेले असते. जाहिरातीतला दर ७५० च्या वरच्या स्कोअरसाठी असतो.

धनादेश किंवा आरटीजीएस थेट जुन्या बँकेच्या कर्जखात्यात जाते. त्यानंतर जुना एनएसीएच (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द केल्याची पोच घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात दोन्हीकडे हप्ता कापला जातो आणि जुन्या बँकेकडून परतावा मिळायला पाठपुरावा करावा लागतो.

महाराष्ट्रात नव्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाण ठेवल्याची निबंधकाला द्यायची सूचना) ३० दिवसांत दाखल करावी लागते. जुन्या बँकेचा बोजा सरसाईच्या (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) नोंदीतून उतरला का आणि सोसायटीच्या दप्तरी जुन्या बँकेचे नाव अजून आहे का, दोन्ही तपासा.

एकूण खर्च किती धरावा?

वरच्या ४० लाखांच्या उदाहरणात: प्रक्रिया शुल्क १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, गहाणाचे मुद्रांक शुल्क ०.३ टक्क्याने १२,०००, वकील आणि मूल्यांकन मिळून सात-आठ हजार, नोटिशीचे दाखल शुल्क वेगळे. तेहतीस हजारांच्या आसपास. महिन्याला २,३६२ वाचत असतील तर हा खर्च सव्वा वर्षाच्या आत निघतो. उरलेली मुदत पाच वर्षांहून कमी असेल तर पुन्हा हिशेब करा. व्याजाचा मोठा भाग तुम्ही आधीच भरून बसलेले असता.

बँक सोबत कर्जसंरक्षण विमा कर्जातच मिळवून देते. तो घेण्याची सक्ती नाही. पण एकट्याच्या नावावर कर्ज असताना बाकीइतका साधा मुदत विमा असावाच.

नवीन कर्ज माझ्या एकटीचे आहे, मग जुन्या बँकेत नवऱ्याची सही कशाला?

कारण जुने कर्ज दोघांचे आहे. खाते बंद करण्याच्या अर्जावर आणि मूळ कागद सोडवताना सर्व कर्जदारांच्या सह्या लागतात. जोडीदार परगावी किंवा परदेशी असेल तर अधिकारपत्राची सोय आधी करा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे आणि बोजा उतरवणे बँकेवर बंधनकारक आहे; बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

जोडीदाराचा अहवाल सुधारायला काय करायचे?

चूक आणि थकबाकी वेगळ्या काढा. फिटलेले कर्ज चालू दिसणे, दुसऱ्याच माणसाचे खाते तुमच्या पॅनला चिकटणे या चुका. त्यासाठी त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

सेटल्ड शेरा काढायचा तर सोडलेली रक्कम भरून, नो ड्यूज पत्र घेऊन, शेरा 'क्लोज्ड' करायची लेखी मागणी करा. पत्राशिवाय एक रुपयाही देऊ नका. कार्डाचा वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांत ठेवा. "पंधरा दिवसांत ७५० करून देतो" म्हणणाऱ्यांना टाळा. बँकांनी नोंदवलेली खरी थकबाकी कुणालाच पुसता येत नाही.

या काळात नवे अर्ज करू नका. एकाच एजंटने पाच बँकांत अर्ज टाकले की पाच चौकश्या नोंदल्या जातात आणि तुमचा चांगला स्कोअरही खाली येतो.

घटस्फोट होतोय. कोर्टाने घर मला दिले तर कर्जातून त्याचे नाव आपोआप निघेल का?

नाही. कोर्टाचा हुकूम तुम्हा दोघांत चालतो. बँक त्या खटल्यात पक्षकार नव्हती. तुमच्या उत्पन्नावर बँक नव्याने समाधानी होईपर्यंत दोघेही पूर्ण कर्जाला बांधील राहता. म्हणून संमतीच्या अटींत तीन गोष्टी लिहून घ्या: कर्ज किती महिन्यांत एकट्याच्या नावावर न्यायचे, तोवर हप्ता कुणी भरायचा, आणि खाते बंद करण्याच्या कागदांवर सही करायला दुसरा बांधील आहे. शेवटची अट नसेल तर एक सही अडवून सगळे अडवता येते.

गोव्यात हेच नियम आहेत का?

कर्जाचे नियम तेच, मालकीचे नाहीत. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक असते. घर कागदावर एकाच्या नावावर असले तरी गहाण ठेवायला दुसऱ्याची संमती आणि सही लागते. त्यामुळे इंडेक्सवर एकटे नाव असलेल्याचा सोपा रस्ता तिथे तितका सोपा नाही. विवाहपूर्व करार असेल तर त्याची नोंदणीकृत प्रत पहिल्याच भेटीत द्या.

बँकेने अर्ज नाकारला तर?

नकाराचे मुख्य कारण लेखी मागा. ते कळवणे बँकेचे काम आहे. "सिबिलमुळे" एवढे मोघम उत्तर घेऊ नका. कुणाचा सिबिल, कोणते खाते, हे विचारा. कारण जोडीदाराचे एखादे जुने कार्ड निघाले तर ते मिटवून तीन महिन्यांनी त्याच बँकेत परत जा. उत्तरच मिळाले नाही तर आधी बँकेच्या तक्रार कक्षाकडे लिहा आणि ३० दिवस गेले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. त्याला शुल्क नाही. कर्ज द्याच, असा आदेश मात्र लोकपाल देत नाही.